मेलेल्या गाईची सात दिवसांची चौकशी

नाशिक जिल्ह्यात हरसूलच्या पुढे खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवायची जागा आहे. लोक तिला गमतीने ‘गिधाडांचं हॉटेल’ म्हणतात. असं काही आहे हे कळलं की गोशाळावाले, दूधवाले, कधीकधी उत्साही ट्रेकरही विचारतात, आमच्याकडे गाय मेली तर तिकडे पाठवू का? त्यांना उलट विचारायचा प्रश्न एकच आहे. गेल्या सात दिवसांत तिला काय टोचलं होतं? याचं उत्तर मिळत नसेल तर गाय पुरा. गिधाडं एक दिवस उपाशी राहिली तरी चालतं, त्यांना तशी सवय आहे.

असं का, ते आधी हिशेबाने बघू. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडं धडाधड मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली आणि लांब चोचीच्या गिधाडांची ९७ टक्क्यांच्या आसपास. सुरुवातीला कुणी साथीचा रोग म्हणालं, कुणी कीटकनाशकं म्हणालं. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण सापडलं: जनावरांना सूज आणि दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक. हे औषध पोटात गेलं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात, रक्तात युरिक ॲसिड साचतं आणि एक-दोन दिवसांत पक्षी मरतो. शवविच्छेदनात काळीज, यकृत, मूत्रपिंड यांच्यावर चुना फासल्यासारखा पांढरा थर दिसतो.

मात्रा किती लागते? गिधाडाच्या एक किलो वजनामागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास औषध गेलं तरी निम्मे पक्षी मरतात. पाच किलोचं गिधाड धरलं तर अर्धा ते एक मिलिग्रॅम. गाईला डायक्लोफिनॅक देतात ते किलोमागे साधारण एक मिलिग्रॅम, म्हणजे ३०० किलोच्या गाईला ३०० मिलिग्रॅम. त्यातलं बरंचसं गाईचं शरीर मोडून बाहेर टाकतं, पण यकृत, मूत्रपिंड आणि आतड्यात ते ७१ तासांनंतरही सापडलेलं आहे. आणि गिधाडं आधी मऊ मांसालाच भिडतात. एका गाईवर पन्नास पक्षी बसले तर पन्नासांचा घास झाला. म्हणूनच गणितं मांडणाऱ्यांना असं आढळलं, की मेलेल्या ७६० जनावरांत एक ते १३० जनावरांत एक, इतक्या थोड्या प्रमाणात विषारी जनावरं असली तरी एवढी मोठी घसरण घडते. ‘आमच्याकडे कुठे कोण वापरतंय’ हा युक्तिवाद इथेच संपतो. शंभरात एकानेही वापरायची गरज नाही.

गिधाडांचं गणित दुसऱ्या बाजूनेही तंग आहे. वर्षाला एकच अंडं. पिलू पाचेक वर्षांनी विणीला येतं. कोंबडीसारखी भरपाई इथे होत नाही. मोठा पक्षी मेला की ती जागा वर्षानुवर्षं रिकामी राहते.

बंदीचा इतिहास थोडक्यात असा. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. मग लोक माणसांसाठीच्या ३० मिलीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचू लागले. २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही ३ मिलीच्या एका मात्रेच्या कुपीतच विकायचं, असा आदेश निघाला. ३ मिलीच्या कुपीत ७५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे एका गाईला चार कुप्या फोडाव्या लागतात. त्रास वाढवणं हाच हेतू होता आणि तो बऱ्यापैकी साधला. पण बाजार हुशार असतो. डायक्लोफिनॅकच्या जागी ॲसिक्लोफिनॅक आलं. गाईच्या शरीरात त्याचं डायक्लोफिनॅकच होतं, म्हणजे फक्त पाटी बदलली. किटोप्रोफेन आणि निमेसुलाइड हीदेखील गिधाडांना मारणारी. ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनवर जुलै २०२३ मध्ये, तर निमेसुलाइडवर डिसेंबर २०२४ च्या अखेरीस जनावरांपुरती बंदी आली. बंदी आली म्हणजे दुकानाच्या मागच्या फळीवरची खोकी नाहीशी झाली असं नाही, शिवाय ही औषधं माणसांसाठी रीतसर मिळतातच. फ्लुनिक्सिननेही गिधाड मेल्याची नोंद आहे, तेही टाळावं.

मग गाय तिव्याने (तीन दिवसांच्या तापाने) पडली, कासेला दगडी म्हणजे सूज झाली, पाय मुरगळला तर काय द्यायचं? मेलॉक्सिकॅम किंवा टोल्फेनॅमिक ॲसिड. ही दोन्ही गिधाडांना देऊन तपासलेली आहेत आणि निर्धोक ठरली आहेत. मेलॉक्सिकॅमची गाईची मात्रा किलोमागे ०.५ मिलिग्रॅमपर्यंत. ३०० किलोच्या गाईला १५० मिलिग्रॅम, आणि औषध मिलीला ५ मिलिग्रॅमचं असेल तर पुरे ३० मिली. इथेच घोटाळा होतो. इतकं टोचायचं जिवावर येतं म्हणून कुणी दहा मिलीवर भागवतं, गाईला उतार पडत नाही आणि मग ‘हे औषध लागूच पडत नाही’ असं गावभर होतं. औषध बदनाम होण्याआधी मात्रा पूर्ण गेली का, हे डॉक्टरांना विचारा. बाटली घेताना ब्रँडचं मोठं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा. एकाच नावाच्या मालिकेत वेगवेगळी औषधं आणि जोडमिश्रणं येतात. आणि घरातल्या माणसाच्या कंबरदुखीच्या गोळ्या गाईला कुटून देणं, हा प्रकार ऐकायला साधा वाटतो पण त्यातही बहुतेकदा डायक्लोफिनॅकच्याच जातीचं विष असतं.

नाशिकची एक खास अडचण आहे. हरसूल, पेठ, सुरगाण्याकडची जनावरं बहुतेक डांगी किंवा गावठी, चरून जगणारी. त्यांच्या अंगात औषध कमी जातं. पण तिकडेही ट्रॅक्टर आले, गुरं कमी झाली, मेलेली जनावरंही कमी. उलट सिन्नर-निफाडच्या दूधपट्ट्यात संकरित गाई भरपूर, मरणारी जनावरं भरपूर, आणि त्यांना मरायच्या आधीचे चार-पाच दिवस इंजेक्शनांवर इंजेक्शनं. थोडक्यात, जिथे स्वच्छ मांस आहे तिथे ते पुरत नाही, आणि जिथे पुरतं तिथे विश्वास ठेवता येत नाही. टेम्पोभर गाई सिन्नरहून हरसूलला नेणं ही म्हणूनच भलाई नाही.

शिवाय गिधाड तालुक्याची हद्द पाळत नाही. गिधाडांसाठी सुरक्षित क्षेत्र आखताना साधारण १०० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ धरतात. त्याचं क्षेत्रफळ ३१,४०० चौरस किलोमीटर होतं. आख्ख्या नाशिक जिल्ह्याच्या दुप्पट. त्र्यंबकला मध्य धरून ते वर्तुळ काढलं तर त्यात जव्हार-मोखाडा येतं, शहापूर येतं, अकोले येतं, सिन्नर-निफाड येतंच, आणि गुजरातेतलं कपराडा-धरमपूर, डांगही येतं. खोरीपाड्याला आज पोटभर स्वच्छ खाल्लेला पक्षी परवा धरमपूरला विषारी बैलावर बसू शकतो. खाद्यस्थळाचा उपयोग आहेच, विणीच्या काळात तर फार आहे, पण ते विषापासूनचं कवच नव्हे. पैसा आणि माणसं मर्यादित असतील तर माझ्या मते पहिला खर्च खाद्यस्थळाच्या कुंपणावर न करता त्या वर्तुळातल्या मेडिकल दुकानांवर आणि खाजगी पशुसेवा देणाऱ्यांवर करावा. कुंपणाचा फोटो चांगला येतो, ही त्यातली अडचण.

आता प्रत्यक्ष जनावर. मालकाकडे जाऊन चौकशी करताना ‘औषध दिलं होतं का’ असं विचारू नये. ‘नाही’ हे उत्तर तयार असतं. ‘डॉक्टर कधी आले होते, कशासाठी, बाटली कुठे आहे’ असं विचारावं. रिकामी बाटली उकिरड्यावर सापडते, ती बघावी. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक उतरून घ्यावा, म्हणजे पुढे काही निघालं तर जनावर ओळखता येतं. सात दिवसांत बंदीतलं किंवा नाव न कळलेलं काहीही गेलं असेल तर ते जनावर बाद. नेपाळमध्ये नवलपरासी भागातल्या पिठौलीच्या प्रसिद्ध गिधाड खाद्यस्थळावर यावर सरळ तोडगा काढला: म्हातारी गुरं विकत घेऊन सांभाळायची, आणि ती आपोआप मेल्यावरच ठेवायची. म्हणजे औषधाचा प्रश्न आपल्या हातात राहतो. आपल्याकडे गोशाळा हे काम करू शकतात, पण त्यांनी उपचारांची वही प्रामाणिकपणे ठेवली तरच.

आणखी काही जनावरं बघताक्षणी नाकारायची. धडधाकट जनावर अचानक मेलं, नाका-गुदातून काळपट न गोठणारं रक्त येतंय, अंग ताठलेलं नाही: फाशी रोगाचा (अँथ्रॅक्सचा) संशय धरायचा, चाकू लावायचा नाही, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवायचं. पिसाळलेलं जनावर नको. इंजेक्शनने दयामरण दिलेलं नको, भुलीचं औषध गिधाडालाही मारतं. लम्पीच्या साथीत मेलेली जनावरं खोल खड्ड्यात पुरायची असतात. तिथे गिधाडांसाठी सवलत मागू नये.

याउलट बिबट्याने मारलेलं वासरू हे गिधाडांसाठी उत्तम खाद्य. ते मरेपर्यंत निरोगी होतं, म्हणून औषध बहुधा नसतं. पंचनामा झाला की ते उघड्यावर राहू द्यावं. धोका एकच, रागाच्या भरात कुणी त्यावर थिमेट हे जहाल कीटकनाशक टाकतं. बिबट्या येवो न येवो, सकाळी गिधाडं येतात आणि थवाच्या थवा संपतो. भरपाईचा अर्ज लवकर भरून घेणं आणि पैसे वेळेवर मिळणं, हे त्या अर्थाने गिधाडसंवर्धनच आहे.

जागा निवडताना लोक झाडी शोधतात, सावली शोधतात. चूक. आपली गिधाडं वासावर येत नाहीत, डोळ्यांनी शोधतात. झाडाखाली ठेवलेली म्हैस कुजून जाईल, पक्षी डोक्यावरून जातील. उघडा कातळ किंवा माळ हवा, आणि तो किंचित उताराचा. पोट भरलेलं गिधाड जागेवरून उडत नाही, त्याला वाऱ्याच्या तोंडावर धावून उठावं लागतं. उतार असेल तर ते सोपं जातं. याच कारणाने चिंचोळं कुंपण घातक. कुत्री अडवायला जाळी मारली आणि आत धावायला जागाच ठेवली नाही, तर गिधाडं एकतर उतरत नाहीत किंवा जाळीत अडकतात. जाळी मोठ्या क्षेत्राला घाला, नाहीतर घालूच नका आणि कुत्र्यांसाठी माणूस बसवा. विजेच्या तारा जवळ नकोत. आसपास एक-दोन वाळलेली मोठी झाडं असतील तर ती तोडू नका, उतरण्याआधी पक्षी तिथेच बसून अंदाज घेतात. उन्हाळ्यात उथळ पाण्याचं टाकं हवं. वीतभर खोली पुरते, खोल हौदात पक्षी बुडतो.

जनावर पहाटे ठेवावं. ऊन तापून हवा वर चढू लागली की नऊ-दहाच्या सुमाराला गिधाडं फिरू लागतात. आधी कावळे, मग घारी, मग ती. कातडं काढलेलं जनावर असेल तर तासाभरात हाडं उरतात. न सोललेलं असेल, विशेषतः म्हशीचं, तर गिधाडाच्या चोचीने ते कातडं फाटत नाही; ती डोळ्यांपासून आणि शेपटीखालून सुरुवात करतात आणि दिवसभर खोळंबतात. तोवर कुत्री पोचतात. निदान पोटाजवळ आणि मांडीवर लांब चीर द्यावी. पूर्वी गावोगाव कातडी सोलणारे होते, ते काम आपोआप व्हायचं. आता ते बहुतेक ठिकाणी थांबलं आहे आणि खाद्यस्थळाच्या आराखड्यात हा माणूस कुणी धरतच नाही.

शहरातली मोकाट गाय असेल तर कोथळा बाजूला काढून पुरावा. त्यात प्लास्टिकच्या पिशव्यांचे गोळे निघतात. हाडं मात्र हवीत. पिलांना वाढीसाठी चुना म्हणजे कॅल्शियम लागतं आणि मोठे पक्षी त्यासाठी हाडांचे बारीक तुकडे उचलून नेतात. दक्षिण आफ्रिकेत हाडं फोडणारी तरसं संपलेल्या भागात केप गिधाडांच्या पिलांची हाडं ठिसूळ, वाकडी निघाली होती. हाडाऐवजी काच-प्लास्टिकचे तुकडेही घरट्यात आले. उपाय अगदी साधा: जानेवारी ते एप्रिल एक-दोन बरगड्या घणाने फोडून नखाएवढे तुकडे तिथेच पसरायचे.

किती जनावरं लागतात? एका गिधाडाला दिवसाला सरासरी अर्धा किलो मांस धरा. वीस पक्ष्यांना महिन्याला ३०० किलो. अडीचशे-तीनशे किलोच्या डांगी गाईतून खाण्याजोगं शंभर-सव्वाशे किलो निघतं. म्हणजे महिन्याला तीन जनावरं, आणि पक्षी इतरत्रही खातात म्हणून दोन पुरतात. जास्त ठेवलं तर मांस सडतं आणि कुत्र्यांची टोळी मुक्कामाला येते. ती टोळी मग खाली उतरलेल्या पिलांवर जाते आणि गावातल्या शेळ्यांवरही. पावसाळ्यात तर हात आखडताच घ्यावा. हरसूल-त्र्यंबककडे आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस धुकं असतं, हवा वर चढत नाही, पक्षी घिरट्या घालू शकत नाहीत. ठेवलेलं तसंच कुजतं.

खरी गरज असते नोव्हेंबर ते मे. लांब चोचीची गिधाडं कड्यांच्या कपारीत घरटी करतात, अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या कड्यांवर ती दिसतात. पांढऱ्या पाठीची मोठ्या झाडांवर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अंडं, पन्नास-पंचावन्न दिवस उबवण, मग पिलू साडेतीन-चार महिने घरट्यात. या वेळापत्रकाशी आपली यात्रांची दिनदर्शिका ताडून बघा. श्रावणातल्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लाखोंची गर्दी होते, पण तेव्हा घरटी रिकामी असतात. हनुमान जयंतीला अंजनेरीवर गर्दी होते ती मात्र नेमकी पिलं उडायला शिकतात तेव्हा. बिचकलेलं पिलू वेळेआधी उडी टाकतं आणि दरीत अडकतं. तेवढे दिवस कड्याच्या टोकाच्या वाटा बंद ठेवणं, फटाके आणि ड्रोन थांबवणं एवढं केलं तरी पुष्कळ. हिवाळ्यातला अवकाळी पाऊस आणि गारा यांना मात्र आपल्याकडे उत्तर नाही. म्हणूनच ज्याला उत्तर आहे ते, म्हणजे औषध आणि गर्दी, तिथे कसूर नको.

मोजणीबद्दल एक तक्रार. खाद्यस्थळावर ‘आज साठ गिधाडं दिसली’ अशी बातमी येते आणि सगळे खूष होतात. दिवसभरातल्या आकड्यांची बेरीज करू नये. एका क्षणी एकत्र दिसलेली जास्तीत जास्त संख्या हाच आकडा लिहावा, आणि त्यात मोठे किती, तरुण किती हे वेगळं. पण ते साठही कुठून आले कोण जाणे, डांगमधूनही आले असतील. संवर्धनाचा खरा आकडा घरट्यांचा. विष्ठेचे पांढरे ओघळ दिसणारी कपार म्हणजे वापरातली जागा. कड्याचा एक फोटो काढून त्यावर कपारींना क्रमांक द्यावेत, आणि खालून, त्याच दगडावरून, दुर्बिणीने किमान तीनदा बघावं: डिसेंबरात उबवणारा पक्षी, फेब्रुवारीत पिलू, एप्रिलमध्ये उडालेलं पिलू. वरून वाकून बघणं नको. वापरातल्या किती घरट्यांतून किती पिलं उडाली हे पाच वर्षं सलग त्याच पद्धतीने लिहिलं, तर काहीतरी सांगता येतं.

उन्हाळ्यात कधी शेतात बसलेलं, उडता न येणारं गिधाड सापडतं. बहुतेकदा ते तहानेने किंवा थकव्याने आलेलं नवं पिलू असतं. त्याच्या चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. मांसाचा तुकडाही देऊ नका. जाड चादर टाकून डोकं झाका, भोकं पाडलेल्या मोठ्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मान गळून छातीवर आली असेल तर ते औषधाचं लक्षण असू शकतं, हे फोनवरच सांगा. आणि मेलेलंच सापडलं तर हात लावू नका. गिधाड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ते उचलायचा अधिकार वन विभागाचाच. त्यांना मात्र आग्रहाने सांगा, की पक्षी जाळण्याआधी यकृत आणि मूत्रपिंडाचे नमुने बर्फात ठेवून तपासणीला पाठवा, आणि जवळपास कुठे मेलेलं जनावर पडलं असेल तर त्याचेही. जाळलेल्या पक्ष्यावरून कोणत्या दुकानातली कोणती बाटली होती, हे कधीच कळत नाही.